टाचेवरची नजर

लॉन्ड्रीतल्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. हॉटेलांच्या चादरी त्या, एकेक म्हणजे अंगणभर. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. ताणायची, झटकायची, मग एकीनं चालत जाऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, खाली लोंबलेली घडी वाकून उचलायची आणि पुन्हा मागे सरकायचं. दिवसभर हेच. मधेच चादर जमिनीला टेकली की ती परत धुवायच्या ढिगात, मग दिसायला कितीही स्वच्छ असो. आमच्या मुकादमबाईंचा हा नियम आहे आणि तिथे कुणाची रदबदली चालत नाही.

चालत जाणारी मी. जागेवर उभी राहून टोकं घेणारी माझी नणंद. तिला सगळे बारकी म्हणतात. अंगानं बारकी म्हणून. डोक्यानं मुळीच बारकी नाही, हे मला फार उशिरा कळलं.

बारकीला लॉन्ड्रीत मी लावलं आणि टेकडीवरही मीच नेलं. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा दिसायला बरा, बोलायला गोड, आणि बाहेर त्याचं दुसरीकडे चालू होतं. शेजाऱ्यांना माहीत होतं, न्हाव्याला माहीत होतं, आमच्या घरातही माहीत होतं. सगळे मूग गिळून बसलेले, कारण बारकी खुशीत होती आणि तिच्या खुशीवर पाणी कोण ओतणार? मी तोंडाची फटकळ. ज्या दिवशी मला कळलं त्याच दिवशी तिला समोर बसवून सांगितलं. घरात रामायण झालं. सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पण बारकी माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "सगळ्यांना माहीत होतं गं वहिनी. मला एकटीला नव्हतं."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. जेवायला उठवायचं, आंघोळीला उठवायचं, आणि ती कशालाच उठायची नाही. शेवटी एका सकाळी मी तिचं पांघरूण ओढलं. म्हटलं, "लग्न मोडलं ना? पाय तर नाही मोडले. चल टेकडीवर." माझे जुने बूट तिच्या पायांत कोंबले आणि जवळजवळ फरफटतच तिला घेऊन गेले.

पाण्याच्या टाकीमागे आमची टेकडी आहे. गवत, सुटे दगड, अर्ध्यावर एक भलामोठा काळा खडक, ज्याला सगळे म्हैस म्हणतात, त्याच्या वर एक पडकं दगडी कुंपण आणि मग माथा. तिथे आम्ही फेऱ्या मारतो. फेऱ्या म्हणजे काय, तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत छाती फुटेस्तोवर पळायचं, उतरताना श्वास गोळा करत सावकाश यायचं, आणि पाय 'नको' म्हणायच्या आत पुन्हा वर सुटायचं. ज्यांना डोंगरांच्या शर्यती पळायच्या असतात त्यांचा हा रियाज. बघणाऱ्याला वाटतं, या बायांचं काही हरवलंय का.

फेऱ्या घेतात किल्लीकाका. चौकात त्यांचं कुलपांचं दुकान आहे. तरुणपणी डोंगर गाजवले, आता गुडघा गेला, म्हणून माथ्यावर उभे राहतात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, धुकं असलं तरी त्या आवाजावरून माथा कुठेय ते कळतं. त्यांचे नियम दोनच. पुढचीनं मागे वळून बघायचं नाही. मागचीनं पुढचीच्या टाचेवरची नजर काढायची नाही. पहिल्या दिवशी बारकीला हे नियम मी समजावून सांगितले. म्हटलं, "वळलीस की मेलीस. वळणाऱ्याचा तोल जातो, आणि मागच्याला कळतं की हा घाबरलाय."

तेव्हापासून पुढे मी, मागे ती.

आता खरं सांगते, मला त्याचा केवढा आनंद होता. घरात गरम पाणी सगळ्यांच्या शेवटी मला. टीव्हीचा रिमोट सगळ्यांच्या शेवटी मला. लॉन्ड्रीत मुकादमबाई, घरात सासूबाई, जिथे जावं तिथे कुणीतरी माझ्या आधी. एका टेकडीवर मात्र मी पहिली. मानेमागे बारकीचा श्वास ऐकू यायचा, हाप हाप हाप, अगदी जवळ, आणि मी आणखी जोर लावायचे, आणि तो श्वास कधीच माझ्या पुढे गेला नाही. माझ्याहून इतकी लहान पोर जीव तोडून पळतेय आणि मी तिच्या हाती लागत नाहीये. उतरताना मी गाणं गुणगुणायचे. घरी आल्यावरही गुणगुणायचे.

यंदा मोठ्या डोंगराच्या शर्यतीसाठी आमच्या गावाच्या संघात बाईची एक जागा रिकामी झाली. पोस्टातल्या बाई इतकी वर्षं ती जागा धरून होत्या, त्यांनी बूट खुंटीला टांगले. रविवारी टेकडीवर चाचणी, जी पहिली येईल ती संघात. माझी ही पहिली संधी आणि शेवटचीही, कारण माझा उजवा गुडघा डॉक्टरांनी दाबून पाहिला होता आणि तोंड वाकडं केलं होतं. अजून एक मोसम चालेल म्हणाले, पुढचं काही सांगू शकत नाही. मला ती जागा हवी होती. आडून कशाला बोलू? इतकी हवी होती की चादर झटकतानाही मला तो डोंगर दिसायचा. आणि मनात खात्री होती. मागच्या श्वासाला मी रोज हरवत होते, दुसरी कोण होती माझ्यासमोर? दूधवाली बरी पळते, पण ती चढावर सांडते.

त्या आठवड्यात एका सकाळी धुकं होतं. असं की हात लांब केला तर बोटं पुसट दिसावीत. मी नेहमीप्रमाणे पुढे. म्हशीपाशी आले आणि माझ्या बुटाची लेस तुटली. बूट निघायलाच आला. वाटेत बसले तर बारकी अंगावर येऊन आदळेल, म्हणून मी खडकाच्या पलीकडे गेले, खाली बसले आणि तुटक्या लेसला गाठ मारायला लागले.

बारकी आली. मी हाक मारणार होते. पण तिच्या येण्यात काहीतरी वेगळं होतं. ती पळत नव्हती. दुकानात जावं तशी आली, तब्येतीत. म्हशीला टेकून उभी राहिली. गवताची काडी तोडली आणि बुटाच्या तळव्याला लागलेला चिखल काढत बसली. तोंडानं गुणगुणत होती, माझंच गाणं. श्वास म्हणाल तर झोपलेल्या मुलासारखा. मधेच मान वाकडी करून वर कान दिला, बहुधा माझी पावलं ऐकायला. मी पुढे गेले असेन असं तिला वाटलं. माझ्यासाठी थांबली होती ती. मला पुढे जाऊ द्यायला.

मग तिनं काडी टाकली आणि निघाली. मी आजवर कुणाला तसा चढ चढताना पाहिलेलं नाही. दगड वाजलेही नाहीत. धुक्यात गडप झाली ती.

मी तुटकी लेस हातात धरून बसून राहिले. मग कशीबशी गाठ मारली आणि वर निघाले.

मी कुंपणापाशी पोचले तेव्हा ती मला शोधत माथ्यावरून तिथपर्यंत खाली आली होती. मला बघितलं, दचकली, आणि लगेच गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. हाप हाप हाप. "वहिनी, तू मागे कशी? मी जीव तोडून आले, मला वाटलं तू वर असशील. दमवलंस गं आज."

"लेस तुटली," मी म्हटलं.

किल्लीकाका माथ्यावरून ओरडले, "गप्पा नंतर, अजून एक." आम्ही उतरलो आणि पुन्हा सुटलो. पुढे मी, मागे ती. त्या फेरीला मी पाय विसरले आणि कान मागे लावून पळाले. मानेमागे तोच श्वास, जवळ, मोठा. इतका मोठा की दम लागलेल्या माणसाचा असूच शकत नाही. खरंच दम लागला की माणूस आवाज वाचवतो. ती मला ऐकवत होती. रोज ऐकवत आली होती. मला वाटायचं मी टेकडी चढतेय, आणि हे लोक मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते.

हे लोक, असं म्हणतेय, कारण ती एकटी नव्हती.

संध्याकाळी नवरा खिडकीशी बसून आपला चष्मा पुसत होता. चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत आमचे हे. सगळ्या गावाला नीट दिसावं म्हणून दिवसभर काचा घासतात.

मी विचारलं, "बारकी माझ्यापेक्षा जोरात पळते, हे तुम्हाला माहीत आहे?"

चष्मा पुसायचा हात थांबला. बस, तेवढ्यानं मला कळलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस आहे, गप्प राहायची मात्र आहे.

"कधीपासून?"

"अगं, म्हणजे... पहिल्याच वर्षापासून असेल," ते म्हणाले. "तीच सांगत होती की वहिनीला मागे टाकलं तर बरं दिसणार नाही. आणि तूही इतकी खुशीत असायचीस. घरी आल्यावर गाणं म्हणायचीस. कशाला उगाच मोडायचं?"

"मग मला गाणं म्हणताना बघून तुम्ही दोघं हसत असाल."

"हसायचं काय त्यात?"

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "मीच म्हटलं होतं त्यांना, सांगू नका. तुझा स्वभाव का आम्हाला ठाऊक नाही? एक दिवस हरलीस की टेकडी बंद करशील आणि चार दिवस भांडी आपटशील. घरात शांतता असलेली काय वाईट?"

म्हणजे सासूबाईंनाही ठाऊक होतं. ज्या बाईनं आयुष्यात त्या टेकडीकडे मान वर करून पाहिलं नाही तिलाही. तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडी आपटली नाहीत मी. त्यांना ती ऐकायची होती, म्हणून मुद्दाम नाही आपटली. एकेक पातेलं असं ठेवलं की मांजरही जागं होऊ नये. नवरा मान खाली घालून जेवला. बारकी उशिरा आली, जेवली, हात धुताना म्हणाली, "वहिनी, तुला लेस आणलीय." नवी कोरी, माझ्या बुटाच्या रंगाची. मी घेतली. काय करणार होते, लेस तर हवीच होती.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी किल्लीकाकांच्या दुकानात गेले. ते मशीनवर किल्ली कापत होते. एका चिमट्यात जुनी किल्ली, दुसऱ्यात कोरी पट्टी. जुनीच्या दात्यांवरून एक काटा फिरतो आणि तसेच दाते नवीवर कापले जातात. मी उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि मशीन बंद केलं.

"कळलं तर," ते म्हणाले. थोडाही आडपडदा नाही. "मी तिला म्हटलं होतं, धुक्यात बेफिकीर राहू नकोस."

"काका, मी तुमच्याकडे तिच्याही आधीपासून येतेय."

"म्हणून तर. तुझी चाल एकसारखी आहे. पाऊल कुठे टाकायचं, कुठला दगड हलतो, कुठे रेटायचं, सगळं तुझ्या टाचांत आहे. पोरीत ताकद भरपूर, पण तिला वाट दिसत नाही. समोर कुणी नसलं की बावचळते. तुझ्या टाचांकडे बघून शिकली ती. मी शिकवून नसती शिकली."

"मग मला सांगायचं होतं. म्हणायचं होतं, बाई, तू हिच्यासाठी पळतेयस."

"तर तू पळाली असतीस?"

मला त्या प्रश्नाचाच राग जास्त आला, कारण त्याचं उत्तर त्यांनी मला न विचारता आधीच ठरवून टाकलं होतं.

"मी कोण मग यात?" मी विचारलं.

"धार लावायचा दगड," काका म्हणाले, आणि त्यांना वाटलं ते माझं कौतुक करतायत.

"दगड झिजतो, काका."

"झिजतोच," ते म्हणाले. मग आवाज मऊ करून, "रविवारी ये बाई. राग धरून घरी बसू नकोस. वरच्या कुंपणापर्यंत तिला घेऊन ये, तिथून तिला मी सांगितलंय सुटायला. तू पुढे नसलीस तर ती पहिल्या चढावरच कोलमडेल. डोंगरावर आपल्या गावाचं नाव निघेल, त्यात तुझंही आलंच."

म्हणजे तेही ठरलेलं होतं. कुंपणापर्यंत माझी टाच, आणि तिथून सगळ्या गावासमोर मला मागे टाकून ती पुढे. मी तोवर गाणं गुणगुणत असणार, संघाचा शर्ट अंगात कसा बसेल याचा विचार करत. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

त्या आठवड्यात आम्ही दोघींनी किती चादरींच्या घड्या घातल्या देव जाणे. ताण, झटक, चालत जा, टोकं दे, वाक, उचल, मागे सर. प्रत्येक घडीला तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. तिनं ताकास तूर लागू दिली नाही. "वहिनी, गुडघा कसाय?" "वहिनी, रविवारी धुकं नसावं बाई." मी हो-ला-हो करत होते. एकदा वाटलं, बोलून टाकावं. मग वाटलं, तिनं बोलावं. एकदा तरी स्वतःहून. मी तिच्या वेळी एक दिवस थांबले नव्हते.

ती बोलली नाही.

घरी बसायचा विचार मी केला, का नाही करणार? मी गेले नाही की ती कोलमडणार, हे काकांनीच माझ्या हातात दिलं होतं. सूड म्हणाल तर इतका स्वस्त मिळत नाही. पण शनिवारी मी बूट पुसले, त्यात तिची नवी लेस ओवली आणि ठरवलं, जायचं. मला ती जागा अजूनही हवी होती. मूर्ख म्हणा. मनात एक कोपरा म्हणत होता, धुक्यात तुला भास झाला असेल.

रविवारी लख्ख ऊन होतं. अर्धं गाव पायथ्याशी जमलेलं. आमचे हे चष्मा घालून हजर, सासूबाईसुद्धा खुर्ची घेऊन आलेल्या, ज्यांनी कधी टेकडी पाहिली नाही. मला कळलं त्या कुणाला बघायला आल्यात. आम्ही सहासात बायका. टेकडी वर-खाली करायची, आणि शेवटचा चढ माथ्यावर संपवायचा. शिट्टी झाली.

मी पळाले. हे मला सांगायलाच हवं की मी मनापासून पळाले. पहिला चढ, उतार, दुसरा चढ. बाकीच्या मागे पडल्या. मानेमागे तो श्वास होताच, हाप हाप हाप. मी रेटलं तर तो जवळ येई, मी जरा सैल सोडलं तर तोही सैल पडे. बाजारातल्या त्या खेळण्यातल्या गाडीसारखा, दोरीला बांधलेला. शेवटच्या चढाला लागेपर्यंत माझ्या मनातला तो कोपराही गप्प झाला.

म्हशीपाशी पोचले आणि मी थांबले.

बारकीही थांबली. अगदी जागच्या जागी, जणू आमच्यामध्ये चादर ताणलेली आहे. आणि तिचा श्वासही बंद झाला, तो मोठा आवाज. नाकानं सावकाश श्वास घेत होती.

"वहिनी, काय झालं? गुडघा?"

"पुढे हो."

"अं?"

"पुढे हो म्हटलं. कुंपणापर्यंत कशाला थांबतेस? इथूनच सूट."

तिचा चेहरा उतरला. खाली वाटेवर दूधवाली धापा टाकत चढत होती, अजून लांब होती.

"तुला कुणी सांगितलं?" बारकीनं विचारलं.

"कुणी नाही. हाच तर मुद्दा आहे."

"वहिनी, चल ना. मी नाही जात पुढे. काकांना काय वाटायचं ते वाटू दे. माथ्यापर्यंत मी तुझ्या मागेच येते, शपथ. तू घे ती जागा. तुला हवीय ना?"

ती मनापासून बोलत होती. डोळ्यांत पाणी होतं. आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. काकांनी फसवलं ते स्वार्थानं, नवऱ्यानं फसवलं ते भित्रेपणानं, पण हिला अजूनही वाटत होतं की माझी जागा हिच्या खिशात आहे आणि ही मला ती काढून देऊ शकते.

मी खाली बसले. वाटेच्या कडेला, गवतात.

"उठ ना गं. दूधवाली येतेय."

"येऊ दे. मी रोज जिंकायचे, बारके. दिवसभरात तेवढंच एक जिंकायचे. त्यातलं एक तरी खरं होतं का?"

ती बुटाच्या टोकानं माती उकरायला लागली.

"एक तरी?"

"पहिले काही महिने," ती हळूच म्हणाली.

"आणि मग?"

"तुला वाईट वाटलं असतं. तू येणं बंद केलं असतंस. मग मी कुणाबरोबर आले असते? सगळ्यांनी मिळून ठरवलं की..."

"सगळ्यांना माहीत होतं," मी म्हटलं. "मला एकटीला नव्हतं."

तिनं ते वाक्य ओळखलं. मला दिसलं की ओळखलं. ती पांढरीफटक पडली आणि तोंड उघडून तशीच उभी राहिली. मला वाटलं आता ती खाली बसेल, माझ्या शेजारी, आणि आम्ही दोघी त्या म्हशीला टेकून रडू, आणि जागा जाईल दूधवालीला, जाऊ दे. खरंच वाटलं मला. तिनं बसावं म्हणून मी थोडी सरकलेसुद्धा.

दूधवाली आमच्याजवळून गेली. आम्हाला बघून चमकली, पण थांबली नाही, शहाणी बाई. बारकीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. दूधवालीच्या टाचा वर वर चालल्या होत्या. बारकीची नजर त्या टाचांवर गेली आणि तिथेच अडकली. सवय झालेली नजर ती.

"वहिनी, मी..." ती म्हणाली, आणि गेली.

तिची पाठ मी पहिल्यांदाच पाहत होते. धुक्यात क्षणभर पाहिली तेवढीच. काय पळत होती, काय सांगू. हलता दगड चुकवून, मी चुकवते तसाच. ओल्या जागी डावीकडून, मी जाते तशीच. दूधवालीला तिनं कुंपणाच्या अलीकडेच गाठलं. कुंपण ओलांडताना पाय वर घ्यावा लागतो, अंग आपोआप आडवं होतं, आणि तिथे प्रत्येकाची मान मागे वळतेच. नियम माहीत असलेल्यांचीही वळते. मी वाट बघत होते. एकदा वळेल. बघेल तरी मी उठले की नाही.

ती वळली नाही. पायथ्याशी टाळ्या वाजल्या, माथ्यावर किल्ल्या खुळखुळल्या. तो नियम तिला मीच शिकवला होता.

मी सगळ्यांच्या शेवटी माथ्यावर गेले, चालत. किल्लीकाकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही तुझीच कमाई." मी त्यांचा हात काढून त्यांच्याच जुडग्यावर ठेवला. घरी गेल्यावर बुटातली नवी लेस काढली आणि बारकीच्या उशीवर ठेवून दिली.

सोमवारी लॉन्ड्रीत आम्ही पुन्हा समोरासमोर. घरी ती मला चुकवत होती, पण चादरीला कोण चुकवणार? ताणली, झटकली. तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं आता म्हणेल. माफी मागेल, किंवा भांडेल तरी. भांडली असती तर मला आवडलं असतं.

"वहिनी," ती खाली बघत म्हणाली, "मोठ्या डोंगराच्या तयारीला उद्यापासून फेऱ्या वाढवायच्यात. काकांनी विचारायला सांगितलंय. तू येशील ना? माझ्या पुढे कुणीतरी लागतं."

मी चालत गेले, रोज जाते तशी, आणि माझी दोन टोकं तिच्या हातात दिली. तिनं ती धरली आणि उभी राहिली, मी वाकून खालची घडी उचलण्याची वाट बघत. मी वाकले नाही. वळले आणि इस्त्रीच्या मोठ्या मशीनकडे गेले, तिथल्या बाईला म्हटलं, "आजपासून तू घडीला जा, इथे मी उभी राहते." ती बाई काही विचारणार होती, पण माझं तोंड बघून निघाली.

बारकीचे हात छोटे आहेत. ती चादर तिनं वर उचलून धरायचा खूप प्रयत्न केला, पण मधला भाग जमिनीला टेकलाच. मुकादमबाईंनी तो पाहिला. मग बारकीनं ती चादर गोळा केली आणि स्वतःच धुवायच्या ढिगात नेऊन टाकली.